स्क्रीनवर राहून गेलेले मामाजी

माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे मोठ्या दिरांचं, वाटोळं व्हावं, असं मी एक वर्षभर रोज सकाळी दात घासताना मनात म्हणत होते. मोरीवर उभी राहून म्हणायचे, चूळ भरायचे आणि कामाला लागायचे. देवाचं नाव घ्यायला पुढे अख्खा दिवस होता. एवढा राग कशाचा, तर माझ्या फोनचा.

कुणाला हे हसू येण्यासारखं वाटेल. पण तो फोन म्हणजे माझा धंदा होता. आमचं गाव फुलसावंगीच्या अलीकडे, आणि मी घरी बसून ब्लाउजवर आरी वर्क करते. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं आणि आकडीच्या सुईने रेशीम, जर, मणी भरत जायचं. गिऱ्हाइकं साडीच्या काठापदराचे फोटो पाठवतात. त्या फोटोवरून मी पुसदला जाऊन रेशमाच्या लडी निवडते. साडी स्वतः माझ्याकडे क्वचित येते. म्हणून मला रंग खरा दाखवणारा फोन हवा होता, आणि दोन लग्नसराया डोळे फोडून काम केल्यावर तो मी घेतला. माझ्या नावाचं बिल, माझी सही. दुकानदाराने तो चालू करून एका पैठणीचा फोटो दाखवला तेव्हा त्यातला मोरपंखी रंग बघून मी दुकानातच 'आई गं' म्हणाले होते.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तो फोन पहिल्या दिवसापासून खुपत होता. त्यांना दोन गोष्टींचा तिटकारा होता. एक, बसलेली बाई. आणि दुसरी, फोटो. फोटो काढला की माणसाचं आयुष्य कमी होतं असं त्यांचं ठाम मत होतं. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये ते एकदाच सापडतात, पंगतीत, पाठमोरे. आधार कार्डावर नाइलाजाने आहेत, पण तिथे ते पकडून आणलेल्या माणसासारखे दिसतात.

भासरे नेमके उलटे. चौकात बॅनर लागलं आणि त्यावर आमच्या भासऱ्यांचा चेहरा नाही असं होत नसे. पोळा असो, कुणाचा वाढदिवस असो, खाली उजव्या कोपऱ्यात गॉगल लावून हे उभे, शुभेच्छुक म्हणून. वावरात माझा नवरा राबायचा आणि बॅनरवर हे.

आता आमच्याकडची एक चाल सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. भासरा आणि लहान भावाची बायको एकमेकांशी थेट बोलत नाहीत. निदान आमच्या घरात तरी नाही. भासऱ्यांना माझ्याकडून काही हवं असलं की ते आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगणार: "आई, लहानीले सांग, पानी आन म्हना." मी दोन हातांवर उभी असले तरी. मग मी डोक्यावर पदर घेऊन पाणी ठेवणार आणि उत्तर द्यायचं असेल तर तेही आत्याबाईंच्या कानात. नऊ वर्षं आमचं असंच चाललं होतं. मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. त्यांच्याशी बोलावं असं माझ्याजवळ काही नव्हतं.

एका दुपारी मी चौकटीवर बसले होते आणि फोनवर साडीचा फोटो मोठा करून पाहत होते. मामाजी वावरातून आले आणि सुरू झाले. रोजचंच होतं, पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी फोन मण्यांच्या डबीला टेकवला आणि गुपचूप व्हिडिओ सुरू केला. बहिणीला पाठवायचा विचार होता, की बघ बाई, मी कुठे नांदते. मामाजी तिथे उभे राहून घरातल्या एकूण एक माणसाचा उद्धार करत होते आणि शेवटी त्यांनी माझ्यावर हात उगारला. मारलं नाही, ते कधी मारत नव्हते सुनांना, पण हात वर जायचा आणि तिथेच थांबायचा. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. संध्याकाळपर्यंत राग उतरला आणि तो पाठवायचा राहिला.

काही महिन्यांनी मामाजी ओसरीवर बसल्या बसल्या गेले. त्रास काही झाला नाही. घरात रडारड, पाहुणे, सगळं रीतीप्रमाणे सुरू झालं आणि दिव्यापाशी ठेवायला फोटो शोधायची वेळ आली. फोटो नाहीच. आधार कार्ड भासऱ्यांनी हातात घेतलं आणि परत ठेवलं. आणि इथे मी माती खाल्ली. मला आत्याबाईंची दया आली. मी त्या व्हिडिओतलं एक दृश्य थांबवून त्याचा फोटो केला आणि त्यांना नेऊन दाखवला.

फोटोत मामाजी पांढरी टोपी, पांढरा सदरा घालून उभे होते. डोळे वटारलेले, आणि उजवा पंजा वर. भासऱ्यांनी तो पाहिला आणि दोन्ही हात जोडले.

"काय तेज आहे पाह्य आई चेहऱ्यावर! अन् हा हात! बाबानं जाता जाता आशीर्वाद देल्ला आपल्याले."

तो हात माझ्यावर उगारलेला होता. मेलेल्या माणसाविषयी काय बोलणार? भासरे पुढे म्हणाले, "आई, लहानीले सांग, फोन राहू दे म्हना इथंच. मोठी फ्रेम तेरवीपर्यंत येते."

मी आत्याबाईंच्या कानात म्हटलं, की भाऊजींच्या फोनवर पाठवते ना फोटो, त्यांचाच ठेवा. भासऱ्यांनी भिंतीकडे बघून उत्तर दिलं: "माह्या फोनवर दिवसभर लोकाइचे फोन येतात. अन् हिच्या फोनचा उजेड चांगला आहे."

माझ्या फोनचा उजेड चांगला आहे. हे वाक्य मी वर्षभर विसरले नाही.

तर पाटावर रांगोळी, त्यावर गव्हाची रास, तिच्यावर माझा फोन तांब्याला टेकवून उभा. झेंडूचा हार. हाराखालून चार्जरची वायर. उजेड पूर्ण वाढवलेला आणि स्क्रीन कधीच बंद पडू नये अशी सेटिंग, भासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केलेली. काचेवर मामाजींच्या कपाळाच्या जागी रोज सकाळी ओलं गंध. पहिल्या दिवशी त्या कपाळावर एक मेसेज येऊन पडला: 'ताई, ब्लाउज झाला का?' पाहुण्यांत कुणीतरी हसलं. भासऱ्यांनी लगेच फोनचं विमान केलं, म्हणजे येणं-जाणं बंद. माझी गिऱ्हाइकं तिकडे मेसेजवर मेसेज टाकत होती आणि इकडे मी पंगती वाढत होते. लाइट गेली की दिव्यापाशी बसलेल्या आत्याबाई आवाज द्यायच्या, "लहाने, तुहे मामाजी अंधारून राह्यले वं, पाह्य." मग मीच जाऊन पॉवर बँक लावायची. माझ्या फोनचा जीव माझ्याच हाताने घेतला म्हणा ना.

मोठी फ्रेम तेराव्या दिवशी आली, कारण भासऱ्यांना मागे ढग आणि सूर्यकिरण हवे होते आणि स्टुडिओवाल्याकडे ढग निवडण्यात चार दिवस गेले.

फोन हातात आला तशी मी आतल्या खोलीत गेले, काच ओल्या फडक्याने पुसली, गंध गेलं. फोटो बंद केला. मामाजी गेले नाहीत. मी पुन्हा पुसली. मग घासली. फोन बंद करून चालू केला. कोरं पांढरं पान उघडलं तर त्यावर मामाजी उभे, पंजा वर करून, पण उलट्या रंगांत. पांढऱ्या टोपीच्या जागी मळकट पिवळा डाग, सदऱ्याच्या जागी मोठा डाग, आणि काळासावळा चेहरा मात्र उजळ. हयातभर उन्हात रापलेला माणूस माझ्या फोनवर येऊन गोरा झाला होता.

पुसदच्या दुरुस्तीवाल्याने फोन तिरका करून पाहिला आणि विचारलं, "कोन आहे हे?"

"सासरे."

"ताई, हे वरचं नाही, आतून जळलं. एकच फोटो फुल उजेडात दिवसंदिवस ठेवला न, तिथले बारके दिवे थकून जातात. जिथं जास्त उजेड तिथं जास्त थकतात. आता कोनतंही चित्र लावा, तेवढी जागा मंदच दिसन." त्याने रंग बदलत राहणारा एक व्हिडिओ दिला. म्हणाला, सहा-सात तास लावून पाहा, कधी फिकं होते, नाहीतर डिस्प्लेच बदलावा लागते. मी दुसऱ्या दिवशी शिवत शिवत तो लावून ठेवला. लाल मामाजी, हिरवे मामाजी, निळे मामाजी, पुन्हा लाल. संध्याकाळी ते होते तिथेच होते.

काळ्या पानावर ते दिसत नसत, म्हणून मी सगळं काळं करून ठेवलं. पण साड्यांचे फोटो काही काळे होऊन येत नाहीत. उमरखेडच्या एका नवरीच्या आईने साडीचा फोटो पाठवला, मी मामाजींच्या सदऱ्यातून तो पाहिला आणि लडी घेऊन आले. बारा दिवसांचं काम. साडी आणि ब्लाउज समोरासमोर आले तेव्हा साडी निळसर मोरपंखी आणि माझं रेशीम सरळ हिरवं. नवरीची आई ओरडली नाही, हे अधिक वाईट. तिने ब्लाउज घडी करून परत ठेवला आणि म्हणाली, "जाऊ द्या, तुमच्या घरी दुःख झालतं." तिच्या तीन पुतण्यांची लग्नं व्हायची होती. त्यातलं एकही काम माझ्याकडे आलं नाही.

मी आत्याबाईंकरवी निरोप दिला, की फोन भाऊजींनी बिघडवला, तर नवा डिस्प्ले त्यांनी बसवून द्यावा. भासरे जेवत होते. घास तसाच हातात ठेवून आढ्याकडे पाहून म्हणाले, "बाबाले पुसाचं म्हनते का लहानी? सांग तिले, बाप पुसल्या जात नाही."

माझा नवरा खाली मान घालून भाकर मोडत राहिला. मी स्वयंपाकघरात पोळपाट इतक्या जोरात आपटला की त्याचा एक पाय निघाला.

बरं, भासरे तेवढ्यावर थांबले असते तरी मी कदाचित विसरले असते. पण माणसाला यातून नवीनच नाद लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगू लागले, की बाबा अजून घरात आहेत, लहानीच्या फोनमध्ये, आशीर्वाद देत. मग लोक पाहायला येऊ लागले. दुपारी मी सुई धरून बसलेली, आणि दारातून आवाज, "आई, लहानीले सांग, फोन दे म्हना, पाहुने आले दर्शनाले." मी उठायचं, कोरं पान उघडायचं, कारण कोऱ्या पानाशिवाय मामाजी दिसत नाहीत, आणि फोन द्यायचा. लोक हात जोडायचे. एका बाईने तर काचेवर फूल ठेवलं. जो हात माझ्यावर उगारला होता त्या हाताच्या पाया पडताना मी गावातली अर्धी माणसं पाहिली. आणि प्रत्येक वेळी दात घासताना म्हणायचं ते वाक्य आणखी थोडं लांब होत गेलं.

तो व्हिडिओ आहे हे मला माहीत होतं. मी तो कुणालाही दाखवला नव्हता. अधूनमधून एकटी असताना लावून पाहायचे आणि परत ठेवायचे. घाई नव्हती मला. लोणचं मुरावं तसा मी तो मुरू दिला.

वर्षश्राद्धाला घर भरलं होतं. बैठकीच्या भिंतीवर ढगांतले मामाजी, नवा हार. पानं मांडायच्या आधी भासरे उभे राहिले. बॅनरवर असतो तसा सदरा घातलेला. बाबांचे संस्कार, बाबांचा आशीर्वाद असं बोलता बोलता ते म्हणाले, "हा फोटो काहाडला त्या दिवशी बाबानं असा हात वर केला अन् म्हनलं, मोठ्या, हे घर, हे वावर तुह्याच खांद्यावर आहे."

त्या दिवशी भासरे घरातसुद्धा नव्हते.

मग नेहमीचं. "आई, लहानीले सांग, तो फोन आन म्हना. पाहुन्याइले दर्शन घेऊ दे."

मी फोन आणला. आवाज पूर्ण वाढवला. भिंतीखालच्या पाटावर तो तांब्याला टेकवून उभा केला, अगदी त्या तेरा दिवसांत होता तसा. आणि कोऱ्या पानाऐवजी व्हिडिओ लावला.

"दिवसभर तो मोबाइल!" मामाजींचा आवाज बैठकीत घुमला तशी सगळी माणसं एकदम ताठ झाली. "घर आहे का फोटो स्टुडिओ? मोठ्याले बॅनरवर थोबाड छापाचा सोस, लहान्याच्या बायकोले मोबाइलचा! पाच वर्सात मोठ्यानं वावराच्या धुऱ्यावर पाय नाही ठेवला, अन् बॅनरवर शेतकरीपुत्र लिवते बेसरम! एखाद्या दिवशी त्याचं बॅनर अन् तुहा मोबाइल, दोन्ही फोडून टाकीन!" इथे हात वर गेला. तोच हात. मग मामाजींनी मान वळवली आणि कोपऱ्यात उभ्या कुणाला तरी म्हणाले, "अन् तू काय पाहून राह्यली वं? चहा टाक!"

व्हिडिओ संपला. पंजा वर करून मामाजी तसेच थांबले. मागे कुणीतरी तोंडात रुमाल कोंबून हसत होतं. भासऱ्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला, पदर मागे सरकवून. लाल, मग पांढरा. दुरुस्तीवाल्याचा तो रंग बदलणारा व्हिडिओ मला आठवला.

"बंद कर ते," ते म्हणाले. भिंतीला नाही, आईला नाही. मला. नऊ वर्षं आणि वर आणखी एक, तेव्हा कुठे हे पहिलं वाक्य.

मीही त्यांनाच म्हटलं, "कसं बंद करू भाऊजी? तेरा दिवस तुमीच चालू ठेवलं होतं."

मला वाटलं होतं माझा सूड इथे पूर्ण झाला. इतक्यात आत्याबाई खांबाला धरून उठल्या आणि पाटासमोर येऊन बसल्या. सगळ्यांना वाटलं, आता या रडणार. मलाही वाटलं. वर्षभरात त्यांचा विचार मी एकदाही केला नव्हता.

"लाव पुन्हा," त्या म्हणाल्या.

मी लावला. मामाजी ओरडले, बॅनर झालं, मोबाइल झाला, हात वर गेला, मान वळली. "अन् तू काय पाहून राह्यली वं? चहा टाक!"

"नाही टाकत," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी बोटाने फोन दाखवला.

"लाव."

तिसऱ्यांदा मामाजींची मान वळली तेव्हा त्या गुडघ्यांवर उठून फोनच्या अगदी तोंडाशी गेल्या. "नाही टाकत! काय करता?" सत्तेचाळीस वर्षांचा संसार होता तो. त्या उत्तराची वाट पाहत बसल्या. स्क्रीनवर मामाजींचा हात वर होता, तो वरच राहिला. मग आत्याबाईंनी पदराने तोंड पुसलं, उठल्या आणि मला म्हणाल्या, "चाल, पानं मांड. लोक भुकेले असतीन."

आठवडाभरात भासरे माझ्या खोलीच्या दाराशी आले. फोन द्या म्हणाले, नवा डिस्प्ले टाकून आणतो. चक्क अहोजाहो. दोन दिवसांनी फोन घेऊन आले तरी जाईनात, उंबऱ्याशी घुटमळत राहिले. "तो व्हिडिओ तेवढा पुसून टाकान का?"

"बाप पुसल्या जात नाही, भाऊजी," मी म्हटलं आणि सुईच्या आकडीत जर अडकवली. मला जराही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. चौकातल्या बॅनरवर ते अजून असतात, पण शेतकरीपुत्र लिहायचं त्यांनी सोडलं आहे.

नव्या स्क्रीनवर मी सगळ्यात आधी कोरं पान उघडलं. पांढरं म्हणजे पांढरं, कुठे टोपी नाही, सदरा नाही. मग उमरखेडच्या त्या साडीचा जुना फोटो काढून पाहिला. निळसर मोरपंखीच होता.

आता दुपारी भांडी आटोपली की आत्याबाई माझ्या चौकटीपाशी येऊन बसतात आणि म्हणतात, "लाव." मी फोन मण्यांच्या डबीला टेकवते. त्या पूर्ण ऐकून घेतात, मधे बोलत नाहीत. मामाजींनी मान वळवून चहा सांगितला, की म्हणतात, "नाही टाकत." आणि मग गुडघ्यावर हात ठेवून उठतात, आत जातात आणि आमच्या दोघींचा चहा टाकतात.